शाखाप्रमुखाचं निर्लेखन

…निर्लेखन. नाही, आधी शब्द नीट ऐका, मग हसा. निर्लेखन म्हणजे ग्रंथालयाच्या साठ्यातून पुस्तक विधिवत बाद करणं. फाडणं नव्हे, जाळणं नव्हे, रागाच्या भरात भिरकावणं तर नव्हेच. कोणी मागत नाही, बांधणी गेली आहे, किंवा दुसरी प्रत शेजारच्या कपाटात आहे, असं चार जाणत्या माणसांनी बसून ठरवायचं, ठराव करायचा, पहिल्या पानावर शिक्का मारायचा, आणि त्या क्षणापासून ते पुस्तक रद्दी. किती सभ्य शब्द आहे पाहा, कुठे रक्ताचा थेंब नाही. आणि हा शब्द, तुम्हाला सांगतो, पुस्तकाला वापरतात. पुस्तकाला. माणसाला वापरत नसत. त्या प्रशिक्षणापर्यंत तरी नसत.

प्रशिक्षण कशाचं, तर नेतृत्वाचं. कोणाला, तर आम्हा शाखाप्रमुखांना, ज्यांनी जन्मात लोकांना एकच आज्ञा केली, 'हळू बोला'. शहरात ग्रंथालयाच्या सहा शाखा, आम्ही सहा प्रमुख. आणि संचालकांनी नुकतंच सांगितलेलं, की दोन शाखा एकत्र होणार, म्हणजे खुर्च्या पाच. कोणाची जाणार? 'तसं काही ठरलेलं नाही हो,' असं म्हणाले, आणि त्याच दमात म्हणाले, 'तोवर जरा नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन या.' खाटकाने बोकडांना सांगावं, तोवर जरा व्यायाम करा, तसं. आणि आम्ही गेलो. नवे कपडे घालून गेलो.

याला म्हणे नेतृत्व म्हणतात.

खोली कशी, तर जमिनीला गालिचा, भिंतीला गालिचा, खिडकी न उघडणारी, आणि कोपऱ्यात उजेडाकडे पाठ करून संचालक. 'मी नुसता निरीक्षक. मी इथे नाहीच असं समजा.' आता ज्याच्या हातात आपली खुर्ची आहे तो माणूस इथे नाही असं समजायचं कसं, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात? प्रशिक्षक पूर्वी गाद्यांच्या कंपनीत होता. हे मी म्हणत नाही, तोच छाती फुगवून सांगायचा. 'मित्रांनो, गादी विकता आली की स्वप्नही विकता येतं.' मी हात वर केला. म्हटलं, 'महाशय, आम्ही काहीच विकत नाही. आम्ही देतो, आणि परत मागतो.' तर म्हणतो, 'व्वा काका, हीच ऊर्जा हवी.' काका. मी आदल्याच दिवशी केस काळे करून गेलो होतो. तरी काका.

मग म्हणाला, विश्वासाचा सराव. डोळे मिटायचे, मागच्या मागे पडायचं, जोडीदार झेलतो. माझा जोडीदार कोण, तर माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, शेजारच्या शाखेचा प्रमुख. कपाटातलं पुस्तक माथ्याला धरून ओढायचं नसतं, हे त्याला मी शिकवलं. 'पडा भावोजी, बिनधास्त पडा, मी आहे.' पडलो. तो होता, नाही असं नाही, पण पावलभर बाजूला होता, कारण नेमकं तेव्हाच संचालकांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि याला वाटलं की आपल्याला बोलावलं. मी गालिच्यावर उताणा, छताकडे बघतोय, आणि वरून प्रशिक्षकाचा चेहरा: 'मित्रांनो, यातून आपण काय शिकलो?' बालशाखेच्या बाई, ज्या पोरांनाही 'तुम्ही' म्हणतात आणि तरी पोरं रडतात, त्या म्हणाल्या, 'आवाज बराच होतो.'

याला म्हणे नेतृत्व म्हणतात.

शेवटच्या दुपारी खेळ काढला. 'मित्रांनो, जहाज बुडतंय. नाव एकच आहे, आणि नावेत जागा पाच. तुम्ही सहा. कोण उतरणार ते तुम्हीच ठरवायचं, चर्चेने.' कोपऱ्यातली खुर्ची करकरली. संचालक पुढे सरकले होते. आता सांगा, यात न कळण्यासारखं काय होतं? सहाच्या सहा जणांना कळलं. दुसरा कुठलाही धंदा असता तर लोक हसले असते, भांडले असते, एखादा रडला असता. आमच्यात बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, 'सभेचा अध्यक्ष कोण?'

जहाज बुडतंय, आणि अध्यक्ष कोण.

अध्यक्ष बाईच झाल्या. मग पुढचा प्रश्न, माणूस काढायचा तर निकष कोणता? इथे मौनी बोलला. मौनी म्हणजे संदर्भ शाखेचा प्रमुख. त्याला मी आजवर खोकताना ऐकलं होतं, बोलताना नाही. तो म्हणाला, 'निर्लेखनाचे निकष आहेतच की.' अंगावर काटा आला का माझ्या? नाही आला. खरं सांगू, मला आनंद झाला. कारण मला वाटलं, मौनीच जाणार. त्याला कोण मागतं? त्याची बायकोही त्याला परत नेत नसेल. मी तर मनातल्या मनात त्याच्यासाठी दोन भारदस्त वाक्यं रचून ठेवली होती, 'मितभाषी सहकारी हरपला' वगैरे. आणि तो निकष उलटसुलट सांगायला लागला तेव्हा मीच म्हटलं, 'थांबा. आधी मागणी, मग अवस्था, मग दुबार प्रत. क्रम पाळा.' फाशीसुद्धा चुकीच्या क्रमाने दिलेली मला चालत नाही. स्वभाव. काय करणार?

तर मागणी. बाई म्हणाल्या, 'स्पष्ट बोलते हं. यांच्या शाखेतले वाचक आमच्याकडे येतात. म्हणतात, तिकडे साहेब सदस्यत्वाच्या अर्जातली भाषा दुरुस्त करायला लावतात, पुस्तक मिळेतो परत करायची तारीख येते.' मी म्हटलं, 'म्हणजे माझ्याबद्दल चाललंय?' तर म्हणाल्या, 'अध्यक्षांना मध्येच तोडू नका.'

अवस्था. मेव्हणा घसा खाकरून म्हणतो, 'भावोजी, मनाला लावून घेऊ नका, खेळ आहे. पण पाठीचं तर आपण सगळ्यांनीच पाहिलं.' अरे, पाठ कोणामुळे गेली? 'बांधणीच ढिली आहे,' मौनी म्हणाला. दोनदा बोलला एका दुपारी. आणि दुबार प्रत आली तेव्हा तिसऱ्यांदा: 'यांना जे येतं ते सगळं मला येतं. मी फक्त बोलत नाही.' सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं हो, त्याला मी तरी काय करू?

उरले दोघे. ते आमच्यातले होयबा. कोणीतरी आधी हो म्हटल्याशिवाय त्यांना आपलं मत कळत नाही. ते तेवढ्यापुरते खिडकीकडे बघत होते, जी उघडत नाही.

याला म्हणे नेतृत्व म्हणतात.

ठराव झाला. प्रशिक्षकाने टाळ्या पिटल्या, 'मित्रांनो, बघा, संघ कसा एकत्र आला.' मीही उठून सगळ्यांशी हात मिळवले, खेळच होता म्हणून. सोमवारी संचालकांनी बोलावलं. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. जिवंत माणसाला तिथे पाणी देत नाहीत. म्हणाले, 'मी काही ठरवलेलं नाही बरं का. मी कोण ठरवणार? तुमच्या माणसांनीच मोकळ्या वातावरणात ठरवलं. त्याचा मान आपण राखू.' मुदतीआधी निवृत्ती. आणि माझी शाखा? मेव्हण्याच्या शाखेत विलीन. बसतो तो माझ्याच टेबलाशी, कारण माझं टेबल रुंद आहे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, तुझ्या भावाने मला सगळ्यांदेखत जीर्ण ठरवलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, 'काय खोटं बोलला?' आणि पुढे म्हणाली, 'अहो, कोणीतरी जायचंच होतं ना? त्याची मुलं लहान आहेत. तुम्ही तिथेही कटकटच करायचात, आता घरी करा. मला सवय आहे, लोकांना नाही.' हिच्यापेक्षा तो प्रशिक्षक मायाळू.

आता रोज सकाळी जातो त्याच शाखेत, वाचक म्हणून. मेव्हणा उठून उभा राहतो, 'या भावोजी, या, बसा,' आणि मग आवाज खाली आणून सांगतो, 'पण वर्तमानपत्राला नंबर आहेत हं.' परवा नव्याने सदस्य झालो. माझा अर्ज परत आला. सही चौकटीबाहेर गेली होती.

आणि ही गोष्ट सगळीकडे फिरतेय. प्रशिक्षक गावोगाव सांगतो, की एका काकांनी सहकाऱ्यांसाठी हसत हसत उडी मारली. ते खोटं आहे, हे वेगळं सांगायला नको. गाद्या विकलेला माणूस. पण ग्रंथालयांतून जे सांगतात, तेही चूक आहे, आणि ते मला जास्त लागतं. तिथे सांगतात, पाच जणांनी मिळून एकाला ढकललं, तो बिचारा शेवटपर्यंत ओरडत होता. पाच विरुद्ध एक.

तसं नाही झालं. ठराव मौनीने मांडला. मग बाईंनी विचारलं, 'अनुमोदन?' आणि कोणी बोलेना. मेव्हणा बुटांची नाडी बघतोय, म्हणजे त्यालाही तेवढी लाज होती. दोघे होयबा खिडकीत. बाई अध्यक्ष, त्यांना देता येत नाही. म्हणजे ठराव पडत होता हो. मी नुसतं गप्प राहायचं होतं. पण सभेत ठराव मांडलाय, अनुमोदनाला माणूस नाही, बाहेर चहा गार होतोय, आणि ती शांतता… इतकी वर्षं अशा वेळी प्रत्येक सभेत एकच हात वर जायचा, ठरलेला, म्हणून तर सगळे निवांत बसायचे. तो गेला वर.

तेव्हा पाच विरुद्ध एक म्हणू नका. एकमताने.