आवळीखालची सरकारी दुर्बीण

मी, प्रभाकर सदाशिव टेंबे, वय ५३, विमा कचेरीत अधिकारी, राहणार बनी पार्क, जयपूर, ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगतो की, माझे हिंदी थोडा वेळ ऐकल्यावर ठाणेदारसाहेबांनी जबाब माझ्याच भाषेत लिहून द्यायला सांगितले.

काल, रविवार दि. १६ नोव्हेंबर १९८६ रोजी, आमच्या मराठी मंडळाची सहल शहराबाहेरच्या अभयारण्यात गेली होती. वनखात्याचे गाईड घीसाराम आम्हाला पायी फिरवून पक्षी दाखवत होते. बोलू नका, असे ते वारंवार सांगत होते. मंडळ ऐकत नव्हते.

वाटेत माझी पत्नी सौ. शालिनी हिला फळांनी लगडलेली आवळी दिसली. कार्तिकात आवळीखाली बसून जेवायची आमच्याकडे रीत आहे. जयपूरला बदली झाल्यापासून तिचे आवळीभोजन हुकत होते व त्याचा राग माझ्यावर निघत होता. तिने तिथेच सतरंजी अंथरली व पुरणपोळ्यांचा डबा उघडला. पिशवी एवढी जड का, हे मला तेव्हा कळले.

घीसाराम म्हणाले, "मैडमजी, जंगल में खाना मना है."

पत्नी म्हणाली, "भैया, ये खाना नहीं, धरम है. मतलब तुम भी बैठो."

घीसाराम एकाच पोळीच्या बोलीवर बसले. पत्नीने त्यांच्या एका हातात पत्रावळ व दुसऱ्यात तुपाची वाटी दिली. हात गुंतल्यामुळे त्यांनी सरकारी दुर्बीण सतरंजीवर ठेवली. ती एका वानराने उचलली आणि शेंड्यावर बसून, डोळ्यांना लावून, आमच्या पानांत काय वाढले आहे ते पाहिले. नंतर ते दुर्बिणीसह डोंगराकडे गेले.

दुर्बीण विकल्याच्या वहिमावरून घीसारामांना कोठडीत बसवले आहे. हा वहीम धादांत खोटा आहे. त्या भल्या माणसाची नोकरी आमच्या पोळीपायी जाणार, याची मला फार लाज वाटते. ड्युटीवर असताना त्यांनी नाही म्हणायला हवे होते, असे साहेब म्हणतात. लग्न झाल्यापासून माझ्या पत्नीला नाही म्हणणे मला जमलेले नाही, तिथे परक्याची काय बिशाद?

हे लिहीत असताना पत्नी डबा घेऊन ठाण्यात आली. साहेब म्हणाले, "मैं ड्यूटी पर हूँ." सध्या ते तिसरी पोळी खात आहेत. हात गुंतल्यामुळे कोठडीच्या किल्ल्या त्यांनी माझ्या कागदावर ठेवल्या आहेत. याचीही नोंद व्हावी.

जबाब साहेबांनी वाचून दाखवायचा, पण त्यांचे तोंड भरलेले असल्याने मीच मोठ्याने वाचला व हिंदीत समजावला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो खरा आहे. साहेबांनी किल्ल्यांकडे पाहिले, आणि कोठडी उघडायची हवालदारांना मानेनेच खूण केली.