स्केल्बीच्या पोस्टाला दिलेला घाईचा निरोप

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या प्रमुख श्रीमती ऑड्री टिप्लर, त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या चर्चचे रेव्हरंड पास्क, हेड ऑफिसातून एवढ्या धुक्यात गाडी हाकत आलेले श्री. गिलिंग, आणि स्केल्बी गावातल्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनो. तसंच, जे अलीकडे माझे गिऱ्हाईक राहिलेले नाहीत, पण सँडविचसाठी आवर्जून आले आहेत, अशा माझ्या शेजाऱ्यांनो,

सर्वांत आधी या सत्काराबद्दल मनापासून आभार. आभार शेवटी मानायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण आज शेवटपर्यंत माझं डोकं ठिकाणावर राहील याची मला खात्री नाही, म्हणून ते आधीच उरकून घेते. मी भाषण लिहून आणलं होतं. चांगलं झालं होतं. बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा ती योग्य जागी रडलीसुद्धा. ते आता माझ्या पर्समध्ये आहे आणि तिथेच राहणार आहे. का, ते सांगते. मात्र मी एका जागी उभी राहिले नाही तर राग मानू नका. श्रीमती टिप्लर मघापासून मला खुणेनं 'बस, बस' म्हणताहेत आणि मी मघापासून उठतेय. दोनदा खुर्चीवरून उठून मी स्वयंपाकघरात चहा ओतायला गेले. सत्कारमूर्तीनं असं करायचं नसतं, कबूल आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी फार सुंदर आठवणी सांगितल्या. रेव्हरंड पास्क यांनी तर जुनं पोस्ट, म्हणजे पोस्ट आणि वाणसामानाचं दुकान एकत्र, डोळ्यांपुढे उभं केलं. काचेच्या बरण्यांतल्या बडीशेपेच्या गोळ्या, मांसाचे पातळ काप करणारं ते हातानं फिरवायचं यंत्र, कोपऱ्यातलं रॉकेलचं पिंप, आणि चीज, लोकर, डिंक या सगळ्यांचा मिळून येणारा तो वास. ऐकताना अर्ध्या सभागृहाचे डोळे पाणावले. माझेही पाणावले असते, पण एक शंका मला स्वस्थ बसू देईना. रेव्हरंडसाहेब, आपण स्केल्बीत आलात तेव्हा ते यंत्र नव्हतं, ते पिंप नव्हतं आणि बरण्या माझ्या माळ्यावर पडल्या होत्या. आपण ज्या पोस्टासाठी हळहळलात, ते माझं नव्हे, माझ्या सासूबाईंचं. माझं पोस्ट तर अजून चालू आहे. आज दुपारीच मी तिथे पार्सलं तोलली. मी इथे धडधाकट उभी, आणि जो तो माझ्याविषयी 'त्या असायच्या, त्या करायच्या' म्हणतोय. स्वतःच्या दफनाला जाऊन वर सगळ्यांना चहाही ओतावा, असं काहीसं मला वाटत होतं. हसा, हसा. मीही मनात हसतच होते.

आठवणीच हव्या असतील तर माझ्याकडेही आहेत. मी मूळची ग्रिम्सबीची. मासळीच्या धक्क्यावर वाढलेली, मोठ्यानं बोलणारी, मनात आलं की तोंडावाटे बाहेर काढणारी मुलगी. सिरिल डॉब्नीशी लग्न करून या घरात आले. पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींवर राज्य सासूबाईंचं. त्या काळात तारा यायच्या. तार पोचवायला निघण्याआधी सासूबाई ॲप्रन काढून खुंटीला लावायच्या. रस्त्यावर त्यांना ॲप्रनशिवाय पाहिलं, की बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या आणि त्या कुणाच्या फाटकाशी थांबतात ते पाहायच्या. लढाईत मुलं गेल्याच्या तारा यायचे दिवस कधीच संपले होते, तरी ही सवय गावाची गेली नव्हती. मी एकदा सासूबाईंना विचारलं, 'तुम्ही त्यांना सांगून का नाही टाकत, वाढदिवसाची आहे म्हणून?' त्या म्हणाल्या, 'म्यूरिअल, या गावात कुणी कुणाला थेट विचारत नाही आणि कुणी कुणाला थेट सांगत नाही. तू फक्त थांबायला शीक.'

शिकले. किती छान शिकले, ते तुम्ही जाणताच. माणूस तिकिटासाठी येतो. आधी हवेविषयी बोलतो. मग गुडघ्याविषयी. मग मांजराविषयी. तिकीट घेतो, पैसे देतो, दाराच्या कडीला हात घालतो आणि तेव्हा कुठे म्हणतो, 'बाकी, आमच्या हिला परवा हॉस्पिटलात ठेवलंय.' ज्यासाठी तो आला होता, ते हे. मग मी दारावरची 'उघडं आहे'ची पाटी उलटी करते आणि किटली चढवते. अशी किती माणसं माझ्या मागच्या खोलीत बसून गेली. मला ही पद्धत आवडायला लागली. मला वाटायचं, यात माया आहे. आजही वाटतं. पण आज याच मायेनं आपला सगळ्यांचा कसा घोटाळा केलाय, ते ऐका.

सुगीच्या जेवणाला, याच सभागृहात, श्रीमती टिप्लर यांनी मला विचारलं, 'कशी आहेस?' माझा गुडघा त्या दिवशी ठणकत होता. मी म्हटलं, 'चाललंय. आता किती दिवस रेटणार?' हे मी दर थंडीत म्हणते. या गावातला प्रत्येक जण दर थंडीत म्हणतो. वॉल्टर स्किपवर्थ तर आपल्या मेंढ्यांविषयी गेली कित्येक वर्षं हेच म्हणताहेत आणि मेंढ्या वाढतच आहेत. पण श्रीमती टिप्लर मनानं फार चांगल्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'तुला विश्रांतीची किती ओढ लागली असेल.' आता यावर माणूस काय म्हणतो? 'छे, मुळीच नाही'? असं म्हणणं किती उद्धट दिसेल. मी म्हटलं, 'हो ना, बरं वाटेल जरा.' इतकंच. बटाटे वाढून घेतले आणि विसरले.

पुढच्या आठवड्यात रेव्हरंड पास्क आले. हवेविषयी बोलले, छपराविषयी बोलले आणि दाराशी जाऊन म्हणाले, 'आम्हाला तुमची फार उणीव भासेल.' मी काय समजले? आजूबाजूच्या गावांतली पोस्टं एकामागून एक बंद होताहेत, हे मी पाहत होतेच. मला वाटलं, आपलंही ठरलं. गावाला कळलंय आणि मला हळुवारपणे कळवायला पाद्रीसाहेबांना पाठवलंय. मग मी विचारायला नको होतं का? 'कसली उणीव? मी कुठे चाललेय?' ग्रिम्सबीच्या त्या मुलीनं विचारलं असतं. मी म्हटलं, 'आपण फार चांगले आहात.' दार लागलं. रात्रभर तळमळले आणि सकाळी हेड ऑफिसला काम सोडत असल्याच्या नोटिशीचं पत्र लिहिलं. हाकललं जाण्यापेक्षा आपणहून गेलेलं बरं, एवढा ताठा माझ्यातही आहे.

इकडे पत्र गेल्याचं कळल्यावर गावानं काय म्हटलं? 'बघा, तिला जायचंच होतं.' मग समिती. मग वर्गणी. आणि ही सुंदर भेट, दोन प्रवासी बॅगा, चाकांच्या. या सगळ्याची चर्चा माझ्या दुकानात, माझ्याच पाठीमागे, कुजबुजत व्हायची. मी वळले की सगळे एकदम अंड्यांच्या भावाविषयी बोलायला लागायचे. ज्या कागदात या बॅगा गुंडाळल्यात ना, तो मीच विकलाय. चिकटपट्टीही माझीच. श्रीमती टिप्लर यांनी कागद मागितला, तेव्हा मी आपणहून विचारलं, 'मोठी वस्तू आहे का? मग जाड देते.' माणसाला बॅगा भेट देणं म्हणजे काय, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. किंवा समजलंच, आणि म्हणून झोप उडाली.

तर असं आपलं चाललं होतं. येत्या शनिवारी काउंटर बंद. त्यानंतर दर मंगळवारी पोस्टाची एक व्हॅन येईल, चर्चच्या भिंतीला लागून तासभर उभी राहील आणि पुढच्या गावाला जाईल. मी व्हिटबीला बहिणीकडे. माझं आणि तिचं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पटत नाही, पण ते असो.

आणि मग मघाशी, रेव्हरंड पास्क माझ्या सासूबाईंच्या बरण्यांविषयी बोलत होते तेव्हा, मी दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात गेले. तिथे वॉल्टर स्किपवर्थ कप पुसत होते. त्यांना भाषणं सोसत नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'म्यूरिअल, तू चाललीस कशाला?'

'हे काय विचारणं झालं, वॉल्टर?'

'सरळ विचारणं झालं. आमची नेली रोज डोळे पुसतेय. म्हणते, म्यूरिअलला आपला वीट आला.'

'मला? मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना माझा वीट आलाय.'

त्यांनी कप खाली ठेवला. आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या मोरीपाशी एकमेकांकडे बघत उभी. बाहेर तुम्ही टाळ्या वाजवत होतात. मला हसू आलं, मग रडू आलं, मग इतका राग आला की मी एक बशी फोडली. ग्रामपंचायतीनं तिची किंमत माझ्याकडून घ्यावी.

आता सांगा, यानंतर ते लिहिलेलं भाषण मी कोणत्या तोंडानं वाचू?

श्री. गिलिंग, आपण पाहुणे आहात, आपल्याला या भानगडीत ओढते, क्षमा असावी. नोटीस मागे घेता येते ना? सोमवारी दुपारपर्यंत? आपण मान हलवलीत. वरखाली हलवलीत, सगळ्यांनी पाहिलं. आभारी आहे.

तर मित्रहो, मी आज एक असभ्य गोष्ट करणार आहे. मी तुम्हाला थेट विचारणार आहे. मी राहावं असं वाटतं का? पण उत्तर देण्याआधी जरा थांबा. जुन्या बरण्यांसाठी हो म्हणू नका. आठवणींवर काउंटर चालत नाही. तिकिटं शहरातून आणायची, पार्सलं आपापल्या ऑफिसजवळून पाठवायची आणि माझ्याकडे फक्त हळहळायला यायचं, हे चालायचं नाही. ज्यांना व्हॅनच सोयीची वाटते त्यांनी तसं म्हणावं. गुडघ्याच्या काळजीनं कुणी गप्प बसू नये. माझा गुडघा माझी मी बघेन. बोला.

सगळे वाट्यांतल्या ट्रायफल पुडिंगकडे बघताहेत. त्या जेलीत एवढं काय दिसतंय? बोला ना.

काय म्हणालात, वॉल्टर? मोठ्यानं म्हणा, मागच्यांना ऐकू येऊ दे.

त्यांचं म्हणणं असं, की 'आम्हाला काय विचारतेस? तुला काय हवंय, ते तू अजून सांगितलेलंच नाहीस.'

खरंय. एवढं बोलले आणि तेवढंच राहिलं.

बरं. सिरिल गेला तेव्हापासून मागच्या खोलीत इतकी शांतता असते, की मला माझा स्वतःचा खोकला दचकवतो. सकाळी मी पुढच्या दाराचा अडसर काढते, तुमच्यापैकी कुणीतरी बूट झटकत आत येतं, आणि मी पुन्हा माणसांत येते. बहिणीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. छान दिसतो. पण त्या समुद्राला माझ्याकडून काही नको असतं. मला जायचं नाही. कधीच जायचं नव्हतं. मला इथेच राहायचंय, तुमच्यात, त्या काउंटरमागे, गुडघा आहे तोवर आणि गुडघा गेला तर स्टुलावर बसून. मला राहू द्या.

झालं सांगून.

श्रीमती टिप्लर... आपण पहिला हात वर केलात. बॅगा आपणच निवडल्या असताना. ऑड्री, अगं, रडू नकोस, तुझी काही चूक नाही. नेली, दोन हात कशाला? रेव्हरंडसाहेब, आपण वाटी खाली ठेवून हात वर केलात तरी चालेल. मागच्या रांगेत काही हात खालीच आहेत, तेही मला दिसतात. तुमचेही आभार, अगदी मनापासून. तुम्ही खरं उत्तर दिलंत आणि आपण उद्या रस्त्यात भेटलो की मी तुम्हाला हसून नमस्कार करणार आहे. बाकीचे हात मी मोजत नाही. माझे डोळे भरलेत, मला नीट दिसत नाहीये.

सोमवारी सकाळी मी हेड ऑफिसला फोन करते. श्री. गिलिंग, उचलाल ना?

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, आणि एका चांगल्या समारंभाचा मी विचका केला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि आता कुणीतरी केक कापायला घ्या. वर साखरेनं 'निरोप' लिहिलंय ना, तो तुकडा मला द्या. तो मी स्वतः खाऊन टाकते.