झाकलेली साय

ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. सीताबर्डीजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात भीमाबाई आपली शेळी घेऊन बसली होती. रांगेत तिच्या पुढे एक सासू-सून होत्या आणि सुनेच्या टोपलीत मांजर.

"मामी, पाहा ना, हिच्या कानामागचे केस गोल गोल झडून राहिले."

"मले काहून दाखवून राहिली? मी त्या मांजरीले हातबी लावत नाही. तुझ्या माहेरची आहे, तूच पाह्य."

"अन् सायबी मीच खाल्ली?"

"मग कोणं? रोज झाकलेली साय गायब! आज संध्याकाळी माझ्या पोराले, बळीरामले, सांगतोच मी."

तेवढ्यात नंबर लागला. डॉक्टरांनी मांजर उजेडात धरली.

"गजकर्ण आहे. भोवतालचे केस कापा, मलम लावा, चाटू देऊ नका. आणि ही झोपते ते अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा. हिला जो कुशीत घेतो, त्यालाही हे होतं."

"कुशीत कोण घेते, डाक्टरसाहेब? ते ओसरीत झोपते."

"मग आजी, तुमच्या गळ्यावर हे गोल काय आहे?"

"घामोळ्या."

"घामोळ्यांना अशी लाल कडा नसते."

भीमाबाईनं शेळीच्या पाठीआड हसू लपवलं.

"मामी, तुमची गोधडी आजच उकळू?"

"उकळ."

"अन् संध्याकाळी त्यायले सायीचं काय सांगाचं?"

सासूनं टोपली ओढून आपल्या मांडीवर घेतली.

"काही नाही सांगाचं. उद्यापासून सायीच्या तीन वाट्या काढ वं. हिची जराशी मोठी."