आवाज पोचला

स्फाक्स शहराच्या टॅक्सीतळावर आम्ही गाबेसला जाणारी शेअर गाडी भरायची वाट पाहत होतो. माझ्या पुढे एक तरुणी आणि तिची म्हातारी आई उभ्या होत्या. तेवढ्यात एका माणसाने तरुणीला हाक मारली.

"एम्ना, अंधशाळेतलं तुझं सॉफ्टवेअर चाललं का शेवटी?"

"चाललं, सुफियान. तू फोन उचललास म्हणून. माझ्या कॉम्प्युटरवर धडे खणखणीत वाजायचे आणि शाळेत मात्र 'फाइल सापडली नाही'. मी आपली तेच पॅकेज पुन्हा पुन्हा बनवून पाठवत होते."

"मग, आवाजाच्या फाइली कुठे होत्या?"

"तू म्हणालास तिथेच, माझ्याच कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये. प्रोग्राम तिथेच शोधायचा, म्हणून माझ्याकडे सापडायच्या. पॅकेजमध्ये घालायच्याच राहिल्या होत्या."

"माझीही एकदा अशीच फजिती झालीय. तेव्हापासून आधी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवून बघतो."

"आता मीही. आई, हाच तो सुफियान."

"अल्ला तुझं भलं करो, बाळा. ते धडे मीच वाचून रेकॉर्ड केलेत. शाळेत काही ऐकू येईना, तेव्हा मला वाटलं, माझाच आवाज थकला, मशीनलाही कळेना. हिला न सांगता मी पहिल्या धड्यापासून पुन्हा वाचायला बसले होते."

"आता मुलं काय म्हणतात, खाला?"

"बोलावलंय मला. म्हणतात, आवाज ओळखीचा झाला, आता तुमचा हात हातात द्या. म्हणून निघालेय."