दातारसाहेब आणि ग्रॅफाइटची गादी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक माननीय श्री. जयवंतराव, सत्कारमूर्ती श्री. गंगाधर दातारसाहेब, त्यांच्या पत्नी सौ. सुमेधाताई, साहेबांच्या जागी येणारे नवे सुपरवायझर श्री. सीताराम परब, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

मी मीराबाई गमरे. राहते काळाचौकीला, आणि काम करते आपल्याच गोदामात, ग्रॅफाइटच्या पोत्यांपाशी. पोती, चाळणी आणि तेलाचे डबे सोडून ही बाई व्यासपीठावर कशी, असं काही जणांच्या मनात आलं असेल. माझं नाव साहेबांनीच सुचवलं. काल गोदामात येऊन म्हणाले, "मीराबाई, बाकी सगळे माझं कौतुक करतील. तुम्ही जे झालं ते सांगा." मी म्हटलं, "साहेब, निरोपाच्या सभेत तसं बोलायची पद्धत नाही." ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. तरी सांगा." त्यामुळे मी काही अवघड बोलले, तर त्याचा निम्मा बोल सत्कारमूर्तींना लावावा, ही अध्यक्षांना विनंती.

आधी साहेबांच्या आवडीच्या विषयाकडे येते. या सभागृहात असा एक तरी माणूस आहे का, ज्याला साहेबांनी ग्रॅफाइट समजावून सांगितलं नाही? मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी खिशातली शिसपेन्सिल काढली आणि विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं, शिसं. ते हसले नाहीत. साहेब हसतच नसत त्या काळात. म्हणाले, "नाव शिसपेन्सिल, पण आत शिसं नाही. आत हेच आहे, तुमच्या पोत्यातलं." सुताराने लाकडावर रेघ मारली ती ग्रॅफाइटची. नकाशा काढला तो ग्रॅफाइटने. म्हणजे विटेवर वीट चढायच्या आधी इमारत उभी राहते ती याच काळ्या भुकटीत.

मग पुढचे धडे. ही भुकटी तेलात घोटून लोखंडाला रंग दिला, की खारा वारा लोखंडाला सहजासहजी खात नाही. वरळीच्या बाजूला काम केलेल्यांना हे सांगायला नको. कोळीवाड्याकडून जो वारा येतो तो खिळासुद्धा सोडत नाही. कुलूप अडलं तर तेल नको, चिमूटभर ग्रॅफाइट टाका, धूळ धरत नाही. आणि साहेबांचा सगळ्यात लाडका धडा गादीचा. गिरणीच्या शेडवर लांबच लांब लोखंडी तुळई असते. उन्हात ती वाढते, गारव्यात आखडते. दोन्ही टोकं घट्ट धरली तर भिंत फुटेल. म्हणून एक टोक पक्कं धरायचं आणि दुसरं दोन पोलादी पत्र्यांवर मोकळं टेकवायचं. त्या पत्र्यांच्या मध्ये ग्रॅफाइट. तुळई गुपचूप सरकते, भिंतीला कळतही नाही. आपले लोक त्या पत्र्यांच्या जोडीला गादी म्हणतात.

हे सगळं सांगताना साहेब एक गोष्ट मात्र हळू आवाजात सांगायचे. जो गुण तुळईला सरकू देतो, तोच माणसाच्या पायाखाली आला तर माणूस सरकतो.

आता मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे, नव्यांना नसेल. माझे यजमान कोंडीराम गमरे याच कंपनीत फिटर होते. सत्तावन्न सालची गोष्ट. आम्ही नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. घरात नवं वारं होतं, रस्त्यावरही नवं वारं होतं. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, हे आमच्या चाळीतलं पोरही सांगत होतं. त्या दिवशी शिवाजी पार्कवर सभा होती. दुपारी काम थांबवून सगळ्यांनी जायचं ठरलं होतं. यजमान सकाळी धुतलेला सदरा पिशवीत घालून गेले, कामाच्या कपड्यांवर सभेला जायचं नाही म्हणून.

काम वरळीच्या शेडवर चालू होतं. एक तुळई जॅकवर उचलून धरलेली. तिच्या गादीला ग्रॅफाइट लावून ती खाली टेकवायची बाकी होती. लोक सदरे बदलून निघाले. साहेबांनी वर पाहिलं. समुद्राकडून वारा वाढत होता. तुळई रात्रभर जॅकवर ठेवणं धोक्याचं होतं, खालून माणसं जा-ये करतात. त्यांनी फाटकापाशी पोचलेल्या माझ्या यजमानांना हाक मारली. "कोंडीराम, एवढी एक गादी करून जा."

साहेब तेव्हा चुकीचं बोलले का? तुळईच्या बाबतीत ते बरोबरच होते. पण सकाळी वर उभं राहून काम करायच्या फळीवर भुकटीचा डबा कलंडला होता. फळी पुसून घ्या, असं साहेबांनीच एकाला सांगितलं होतं. पुसली की नाही, हे घाईत पाहायचं राहिलं.

रस्त्याने मिरवणूक चालली होती, घोषणा चालल्या होत्या. त्या आवाजात खाली उभ्या असलेल्या माणसांना यजमान त्या फळीवरून पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, असं मला नंतर सांगितलं. इस्पितळात पोचेपर्यंत ते गेले होते.

आपल्या कंपनीत तेव्हा जे व्यवस्थापक होते ते आता नाहीत. अध्यक्षसाहेब त्या वेळी कारभारात नवे होते, त्यांच्यावर माझा रोख नाही. पण चौकशी लागली तेव्हा व्यवस्थापकांनी एक गोष्ट तयार केली. कोंडीराम गमरे मिरवणूक बघायला स्वतःच्या मर्जीने छपरावर चढला आणि घसरला. कुणी पाठवलं नव्हतं. ही गोष्ट आमच्या चाळीपर्यंतही पोचली. लोक समाचाराला येत आणि जाता जाता म्हणत, "काय गरज होती हो वर चढायची?" माणूस गेल्याचं दुःख एक. गेलेल्या माणसाला वेड्यात काढलेलं ऐकणं दुसरं. माझ्या सासूबाई राधाबाई तर भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या.

चौकशीला मी आणि सासूबाई गेलो होतो. साहेबांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साहेबांनी काय बोलायचं हे त्यांना आधी समजावलेलं होतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. वरच्या जागेवर बढती यायची होती त्यांना. सुमेधाताई इथे बसल्या आहेत, त्यांना हे सगळं माहीत आहे. अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोंडीराम गमरे वर का गेला?"

साहेब उभे राहिले. म्हणाले, "मी पाठवला. तो सभेला निघाला होता. फळी पुसली आहे की नाही ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं."

अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, तो मिरवणूक बघत होता का. साहेब म्हणाले, "तो काम करत होता. पाठ रस्त्याकडे होती."

सासूबाईंनी माझा हात धरला. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडे तोंड करणं सोडलं.

बढती आली नाही. साहेबांना बांधकामावरून काढून गोदामावर बसवलं. पुढे जयवंतरावांनी त्यांना परत बांधकामावर नेलं, त्याबद्दल मी सर्वांच्या देखत त्यांचे आभार मानते. मधल्या काळात मलाही गोदामात काम मिळालं आणि मी साहेबांच्या हाताखाली आले. काय योग म्हणायचा. ज्या भुकटीने माझं कुंकू पुसलं ती मी रोज चाळत होते, आणि ज्याने त्यांना वर पाठवलं तो माणूस मला ती चाळायला शिकवत होता. राग नव्हता का? होता. पण चाळणी हलवताना मी बघायचे, साहेब भुकटीला हात लावत नसत. दुरून सांगत. कुणी थोडी जमिनीवर सांडली, तर स्वतः फडकं घेऊन खाली बसत आणि पुसत राहत. पुसून झाली तरी पुसत.

साहेब अधूनमधून रविवारी आमच्या घरीही येऊ लागले. दाराशी खुर्चीत बसायचे, सासूबाईंची चौकशी करायचे, माझे दीर भिवा यांना नोकरीचं विचारायचे आणि उठायचे. आम्ही पाणी द्यायचो, चहा ठेवायचो. साहेब त्याला शिवायचे नाहीत. गोदामात मात्र माठातलं पाणी माझ्या हातून घेत. सासूबाई म्हणाल्या, "बामन हाय तो. कामावर चालतं, घरी कसं चालंल?" शेजारच्या बायकाही तेच बोलायला लागल्या. मला ते फार लागलं. शेवटी एके दिवशी गोदामात मी सरळच विचारलं, "साहेब, इथे पाणी घेता, घरी का नाही?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तुम्हाला असं वाटलं? मीराबाई, त्या घरातला माणूस माझ्या एका शब्दावर वर चढला. त्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही. मला तो हक्क नाही."

मी चाळणी खाली ठेवली. मग म्हटलं, "साहेब, तुमच्या मनात काय आहे ते चाळीला दिसत नाही. चाळीला न शिवलेला पेला दिसतो. आम्ही धर्म बदलला तो असले भरलेले पेले परत उचलायला नाही. तुमच्या अपराधाचं ओझं तुम्ही तुमच्या घरी वाहा. आमच्या दारात आणलंत तर ते आमच्यावर पडतं."

मी आयुष्यात कुठल्या साहेबाला असं बोलले नव्हते. साहेब निघून गेले. मला वाटलं, नोकरी गेली.

पुढच्या रविवारी आले. सासूबाईंनी मुद्दामच कपबशी हातात दिली आणि समोर उभ्या राहिल्या. साहेबांनी चहा घेतला. बशीत थोडा सांडला, तो चहासुद्धा त्यांनी प्यायला. मग सासूबाईंनी इतके दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला. "माझा ल्योक वर चढताना काय बोलला?"

साहेब म्हणाले, "पिशवी माझ्या हातात दिली. आणि म्हणाला, 'आलोच.'"

"येवढंच?"

"एवढंच."

सासूबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "घरनं निघतानाबी तेवढंच बोलायचा." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. साहेबही रडले. मी दार लोटून घेतलं.

यंदा मे महिन्यात राज्य झालं. लालबाग-परळला घरोघरी रोषणाई होती, तुम्हाला आठवतं. साहेब संध्याकाळी आले, दाराशीच उभे राहिले. म्हणाले, "कोंडीरामला त्या सभेला जायचं होतं." आत या म्हटलं तर आले नाहीत. ते अजूनही तिथेच उभे आहेत असं मला कधी कधी वाटतं.

मला लोक विचारतात, तू साहेबांना माफ केलंस का? माफ करणाऱ्याचं नाव कोंडीराम, आणि ते नाहीत. त्यांच्या वतीने मी काय सांगणार? साहेब, तुम्ही मला जे झालं ते सांगायला लावलंत, तर ऐका. अपराध तुमचा होता का? होता. सगळा नव्हता, पण होता. मी आज गोड बोलून तो पुसणार नाही. पण तो तुम्ही मेलेल्या माणसाच्या गळ्यात घातला नाहीत. तुमच्यामुळे माझ्या यजमानांचं नाव स्वच्छ राहिलं. हेही तेवढंच घडलेलं आहे, आणि तुम्ही एकाचाच हिशेब धरून बसला आहात. उद्यापासून तुम्हाला कामावर जायचं नाही. घरी बसून पहिली गोष्ट दहादा आठवाल, तेव्हा एकदा तरी दुसरी आठवा. सुमेधाताई, तुम्ही आठवण करून द्या.

अध्यक्षसाहेब घड्याळ बघत आहेत. शेवटचं सांगते.

परबसाहेब, तुम्ही सोमवारपासून भायखळ्याच्या कामावर जाणार. माझे दीर भिवा आता फिटर झाले आहेत, तुमच्याच टोळीत आहेत. इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, लाजतील, उठून दाखवणार नाहीत. तुम्ही या कामाला नवे आहात, घाई असेल, वरून दाब असेल. मी गोदामातली बाई, तुम्हाला काम शिकवणारी कोण? एवढंच मागते. कुणाला वर चढ म्हणायच्या आधी तुम्ही स्वतः वर जा, त्या फळीवर पाय ठेवा, आणि मग त्याला नावाने हाक मारा.

बोलण्याच्या ओघात माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, मानाचा शब्द कुठे राहून गेला असेल, तर आपलीच म्हणून पदरात घ्यावं. मला इथे उभं केलंत, शेवटपर्यंत ऐकलंत, याबद्दल अध्यक्षांची, संयोजकांची आणि तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. जय भीम, जय महाराष्ट्र.