वाफेच्या सड्यावर वहाणा घालून

ऐका. आणि मधे मधे "मग काय झालं" विचारायचं नाही. सांगतोच आहे ना? त्या शेकोटीत दोन शेणी घाल रे, बसल्या बसल्या.

तर आपला वाफेचा सडा. दिवसा बघितलाय तुम्ही. झाड नाही, झुडूप नाही, गुराला तोंड लावायला काडी नाही. नुसता कातळ, आणि कातळाच्या भेगांतून वाफ. फुस्स, फुस्स! शहरातले साहेब येतात, दोरीला काचेची नळी बांधून भेगेत सोडतात. दोरी मीच धरलीय कितीदा. ते म्हणतात, खाली खडक तापलाय. असेल बाबा. खालचं त्यांना ठाऊक, वरचं आपल्याला.

वरचं म्हणजे काय? भेगांजवळ जायचं तर वहाणा काढायच्या. देवाबिवासाठी नाही हो! तिथं कातळाची नुसती पापडी, खाली उकळतं पाणी. अनवाणी तळव्याला चटका बसला की माणूस मागं सरतो. वहाण घातलेल्याला कळतं तेव्हा तो गुडघ्यापर्यंत आत असतो. आपल्याकडं पोर चालायला लागलं की आधी हे शिकतं.

शिवराम घडशी, वरच्या वाडीतला. त्याचे दोनच बैल. त्यातला पवळ्या एकदा ऐन थंडीत संध्याकाळी घरी आला नाही. गुरं उबेला सड्यावर जातात, माहीत आहे ना? बैल गेला तर पावसात नांगर कसा चालायचा? बायको म्हणाली, "सकाळी बघा." ऐकतोय कसला! अंधार पडला नि हा कंदील घेऊन निघाला. वाटेत काटे फार, म्हणून पायात टायरच्या नव्या वहाणा. भेगांशी पोचलो की काढू, म्हणाला.

पोचला. वाफ अशी दाट, की हातातला कंदील दिसेना. तेवढ्यात घंटा वाजली. पवळ्याच्या गळ्यातली! "आलो रे, आलो!" हा पुढं गेला. घंटा उजवीकडं. हा उजवीकडं. घंटा आणखी पुढं. मग वाफ जरा फाटली. समोर बैल बसलेला! पाठ, वशिंड, शिंगं, सगळं. हात लावायला गेला, तर हात वाफेत!

इथं शहाणा माणूस पळतो. शिवराम खाली बसला, वहाणा काढायला. एक बंद सोडला, नि कानाशी आवाज आला, "शिवा, राहू दे रे. काटे आहेत. पायात असू दे."

बापाचा आवाज! म्हातारा हिवतापानं गेलेला, कुडकुडत. शिवरामाचा हात थांबला. बाप सांगतोय म्हटल्यावर बंद पुन्हा बांधायला लागला. आणि मग अंगावर सर्रकन काटा आला. अहो, लहानपणी वहाण काढली नाही म्हणून ह्याच सड्यावर ह्याच बापानं त्याला फोकानं झोडला होता! तो म्हणेल असू दे?

वहाणा काढून फेकल्या. पडल्या तिथं पापडी फुटली. डुबुक! यानं पाय टेकला, तर तळवा भाजला. पाऊल मागं. तिथंही चटका. जिथं गार लागेल तिथं पाय टाकत, चाचपत, परत निघाला.

आणि मागून आवाज बदलला. "शिवा, थांब रे पोरा. थंडी वाजते. जरा जवळ ये."

उकळत्या वाफेतून! थंडी!

शिवराम रडत होता, पण मागं वळला नाही. घरी आला तर पवळ्या गोठ्यात रवंथ करतोय. हा निघाला नि पाठोपाठ शेजाऱ्यानं ओढ्याकाठून आणून बांधला होता.

म्हणून सांगतो, दिवे लागल्यावर ती वाट धरायची नाही. बैल जाऊ दे, रेडा जाऊ दे. धरायची नाही.

तळवे भरून आले त्याचे. पण दरसाल थंडी पडली की भरदुपारी सड्याच्या कडेला जातो, एक घोंगडी ठेवून येतो. मी म्हटलं, "अरे येड्या, तो तुझा बाप नव्हता."

"नसेल," म्हणाला. "पण थंडी तर वाजत होती ना त्याला."