हौदाजवळ अडकलेलं चित्र

संध्याकाळी बरोबर साडेसातला हे झालं. मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात होते. माझी दोन वर्षांची परी तेव्हा सासूबाईंजवळ असते, म्हणून घरात कॅमेरा लावलाय. त्या दिवशी पाणी आलं होतं, हौद काठोकाठ भरलेला. मोबाईलवर बघते तर परी हौदात वाकलेली, आणि चित्र तिथंच अडकलं. पुढं सरकेचना. सासूबाई फोन उचलेनात. मशीन तशीच सोडून पळाले. रस्ताभर नको ते डोळ्यांपुढं येत होतं.

दारातच सासूबाई म्हणाल्या, "अगं, धापा का टाकतीस? तिला तर मी तवाच उचलली की. दूधभात खाऊन झोपलीसुद्धा."

मी तिथंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी नेटवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "ताई, नेट जोडताना सकाळी स्पीड दाखवला होता की. संध्याकाळी सगळी गल्ली नेटवर बसते, थोडं अडकणारच."

"सकाळी पोरगी माझ्या कडेवर असते, दादा. मला नेट संध्याकाळीच लागतं."

आता दुसऱ्या कंपनीचं नेट घेतलंय, तेही शेजारणीकडं संध्याकाळी चालवून बघून. हौदावर आता झाकणही बसवलंय, तरी भीती जात नाही. लेकरू घरी ठेवून कामाला जाणारी कुणी ओळखीत असेल, तर तिला एवढं सांगाच: नेट घ्यायच्या आधी संध्याकाळी चालवून बघ.